मदत हवी आहे : टुकाना बटू दीर्घिकेतील ताऱ्यांच्या वेगांचे दोन वेगवेगळे आकडे

मी खगोलशास्त्राचा हौशी वाचक आहे. वर्णपटांवर, म्हणजे ताऱ्यांच्या प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार केलेल्या विभागणीवर, प्रत्यक्ष काम कधी केलेले नाही. सध्या स्थानिक गटातल्या (आपली आकाशगंगा ज्या दीर्घिकासमूहात आहे त्यातल्या), पण कोणत्याही मोठ्या दीर्घिकेच्या जवळ नसलेल्या बटू दीर्घिकांबद्दल वाचतो आहे आणि टुकानापाशी अडलो आहे. १९९० मध्ये सापडलेली ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे २९ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. इतकी एकाकी असूनही तिच्यात वायू नाही आणि नवे तारे जन्मत नाहीत, हे कोडे तर आहेच. माझी अडचण मात्र निराळी आहे.

२००९ च्या अभ्यासात तिच्या ताऱ्यांच्या त्रिज्य वेगांचे (आपल्या दृष्टिरेषेतल्या वेगांचे) प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, सुमारे १५.८ किमी प्रतिसेकंद दिले आहे, तर २०२० च्या अभ्यासात ते सुमारे ६.२ वर आले आहे. अर्ध्या प्रकाशाला सामावणाऱ्या त्रिज्येच्या आतले वस्तुमान या विचलनाच्या वर्गाच्या प्रमाणात काढतात, हे मला ठाऊक आहे. म्हणजे दीर्घिका तीच, आकार तोच, आणि वस्तुमान मात्र साडेसहा पटींनी घटले. पहिल्या आकड्यामुळे टुकानाच्या गाभ्यात कृष्णपदार्थ (न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारा पदार्थ) असाधारण दाट असावा असे मानले जात होते. एवढा फरक केवळ मोजण्याच्या पद्धतीमुळे पडू शकतो का, आणि तसे असेल तर त्याच वर्णपटांवरून काढलेल्या धातुतेवर (ताऱ्यातल्या लोहासारख्या जड मूलद्रव्यांच्या प्रमाणावर) तरी कितपत विसंबावे?

प्रतिसाद :

पडू शकतो, आणि का ते वर्णपटातल्या एका रेषेवरून, म्हणजे एखाद्या मूलद्रव्याने प्रकाश शोषल्याने पडलेल्या काळ्या खाचेवरून, पाहा. इतक्या दूरच्या दीर्घिकेत फक्त तांबडे राक्षसी तारेच पुरेसे तेजस्वी असतात, आणि त्यांचा वेग बहुधा कॅल्शियमच्या तीन रेषांवरून मोजतात. त्यांतली मधली रेषा ८५४२ अँगस्ट्रॉमला असते. ६ किमी प्रतिसेकंद वेगाने ती जेमतेम ०.१७ अँगस्ट्रॉम सरकते, आणि अंधुक ताऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मध्यम विभेदनाच्या (बारीक तपशील मर्यादितच वेगळा दाखवणाऱ्या) वर्णपटात तीच रेषा कित्येक अँगस्ट्रॉम रुंद दिसते. रुंद, गोंगाटाने खडबडीत झालेल्या खाचेचा मध्य आपण तिच्या रुंदीच्या विसाव्या हिश्शाइतक्या किंवा त्याहूनही अधिक बारकाईने शोधत असतो. त्यात ताऱ्याची प्रतिमा वर्णपटमापकाच्या, प्रकाश आत घेणाऱ्या फटीच्या मधोमध न पडता किंचित बाजूला पडली, तर साऱ्या रेषा एकदम सरकतात आणि तारा न हलताच त्याला काही किमी प्रतिसेकंद वेग चिकटतो. याची दुरुस्ती करतात, पण ती प्रत्येक ताऱ्यासाठी वेगळी असते.

खरी गोम मात्र पुढच्या पायरीत आहे. मोजलेल्या विचलनाचा वर्ग म्हणजे खऱ्या विचलनाचा वर्ग अधिक त्रुटीचा वर्ग. समजा, मोजलेले विचलन १० आले आणि दर ताऱ्यामागे त्रुटी ८ आहे, तर खरे विचलन ६ निघते. तीच त्रुटी तुम्ही ६ धरलीत, तर उत्तर ८ येते आणि वस्तुमान जवळपास पावणेदोन पट होते. तारे मोजकेच असतील आणि त्यांत आपल्याच आकाशगंगेतला एखादा तारा घुसला असेल, तर तो एकटाही आकडा फुगवतो. जोडताऱ्यांचीही (एकमेकांभोवती फिरल्याने वेग बदलणाऱ्या ताऱ्यांचीही) भर पडते, पण टुकानाच्या बाबतीत मला ती दुय्यम वाटते. म्हणून माझ्या मते अधिक तारे घेऊन सारे वर्णपट एकाच पद्धतीने पुन्हा तपासलेला नंतरचा आकडा जास्त विश्वासार्ह आहे, आणि तो धरला की दाट गाभ्याची गरज उरत नाही.

धातुतेचे तसे नाही. ती रेषेच्या जागेवरून नव्हे, तर तिच्या खोलीवरून, म्हणजे रेषेने किती प्रकाश गिळला यावरून, ताऱ्याची तेजस्विता विचारात घेऊन ठरते. फटीतल्या सरकण्याने तिला फारसा धक्का लागत नाही. टुकानाची सरासरी लघुगणकी मापात, सूर्य शून्य धरून, सुमारे उणे १.६ येते, म्हणजे लोहाचे प्रमाण सूर्याच्या साधारण चाळिसाव्या हिश्शाइतके. शिवाय सरासरीत त्रुटी एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात; विचलनात त्या साचत जातात. त्यामुळे केंद्राकडे धातुता वाढत जाते हा २०२० च्या अभ्यासातला निष्कर्ष मी मान्य करीन, पण ताऱ्या-ताऱ्यांतल्या धातुतेचा पसारा सांगणाऱ्या आकड्याकडे वेगाच्या आकड्याइतक्याच संशयाने पाहीन.

मूळ प्रश्नकर्ता :

आभारी आहे. त्रुटी वर्गाने वजा होते, ही साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. एक उपप्रश्न : केंद्राकडे धातुता वाढणे हे एकाकीपणाचे लक्षण समजावे का?

प्रतिसाद :

समजू नये. आकाशगंगेची सहचर असलेल्या स्कल्प्टर बटू दीर्घिकेतही धातुसमृद्ध तारे केंद्राजवळ दाटलेले आहेत आणि त्यांच्या वेगांचे विचलन धातुहीन ताऱ्यांपेक्षा कमी आहे. वायू आत ओसरत गेला आणि शेवटचे तारे मध्यभागीच जन्मले, तर शेजारी कोणी असो वा नसो, असा उतार तयार होतो. एकाकी सीटस दीर्घिकेचे आकडे टुकानाशेजारी ठेवून वाचा. तिचे विचलन सुमारे ११ आहे आणि तिच्यातही ठळक परिभ्रमण आढळलेले नाही.