मदत हवी आहे: गाडी उंच (लिफ्ट) केल्यावर मागच्या प्रोपेलर शाफ्टची (मागच्या अ‍ॅक्सलला जोर पोचवणारा फिरता दांडा) थरथर

गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर (पुढची चाकं हवी तेव्हाच जोडायची), मागे लीफ स्प्रिंग अ‍ॅक्सलच्या वर. २ इंच लिफ्टचे पाटे आणि लांब शॅकल (पाट्याचा मागचा डोळा चॅसीला जोडणारा झुलता दुवा) बसवले. आता ६० ते ७० किमी वेगात, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना सीटखालून थरथर येते. पाय काढला की जवळजवळ थांबते.

टायर बॅलन्स करून पुढचे-मागचे अदलाबदल केले, फरक नाही. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे (युजे) क्रॉस नवे, योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत, स्लिप जॉइंटमध्ये (लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) खेळ नाही. मागचा शाफ्ट काढून फोर-हायमध्ये (फोर बाय फोरची नेहमीच्या वेगाची रेंज) फक्त पुढच्या चाकांवर चालवली तर थरथर गायब. म्हणजे दोष तिथेच.

गाडी सपाटीवर, चाकांवर उभी असताना घेतलेली मापं: ट्रान्स्फर केसचं (पुढे-मागे जोर वाटणारा गिअरबॉक्स) आउटपुट मागे खाली ५ अंश, शाफ्ट खाली १३, पिनियनचं (मागच्या अ‍ॅक्सलमधला, शाफ्ट जोडलेला गिअर) नाक वर ८. वरच्या जॉइंटला ८ अंश, खालच्याला ५. लांब शॅकलने पाट्याचा मागचा डोळा खाली ढकलला, म्हणून पिनियन उचललं गेलं असणार. जोर पडल्यावर ते आणखी वर जातं, ते वेगळंच.

पिनियनचं नाक खाली आणायला पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये स्टीलची वेज (पाचर) जाड बाजू पुढे ठेवून घालायचा विचार आहे. ट्रान्स्फर केस खाली घ्यायची नाही, पोटाखालची उंची जाते. डबल कार्डन शाफ्ट (एका टोकाला जोड-युजे असलेला) शेवटचा पर्याय.

वेज ३ अंशांची घेऊन पिनियन आउटपुटला समांतर करू, की जोराखालची उचल धरून ४ची? आणि दोन्ही जॉइंट ८ अंशांवर आले तर दोन क्रॉसचा शाफ्ट हायवेवर शांत राहतो का?