रायझन ३६०० काढून नवीन प्रोसेसर घेऊ का? लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो

लालबाग_एडिट

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं आणि भाद्रपदात मंडळांचे आगमन सोहळे, शूट पण मीच करतो आणि एडिट पण, घरातच खिडकीपाशी टेबल टाकलंय. मशीन २०२० चं, रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. आजपर्यंत कधी त्रास दिला नाही. पण नवीन सोनी कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमधे प्ले दाबलं की आवाज पुढे जातो नि चित्र तिथेच अडकतं. परवा एका लग्नाचं एडिट करत होतो, मंगलाष्टकं संपून टाळ्या वाजल्या, बँड सुरू झाला आणि स्क्रीनवर अजून अंतरपाट धरलेलाच. अशात कट कुठे मारायचा सांगा.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला तुझा प्रोसेसर जुना झाला, त्याच्यावर विंडोज ११ पण चालणार नाही, सगळंच बदल, रायझन ९६००एक्स घे, नवीन बोर्ड घे, डीडीआर५ रॅम घे. रॅमचा आत्ताचा भाव ऐकला आणि गप घरी आलो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय म्हणून ते पण डोक्यात आहेच. बजेट ओढूनताणून ४० हजार, कॅमेऱ्याचे हप्ते चालू आहेत. तुळशीची लग्नं लागली की माझा सीझन सुरू, त्याच्या आत काय ते ठरवायचंय.

मुलुंड_बिल्डर

दादा, आधी एक रुपया खर्च करू नका. विंडोज ११ चं जे सांगितलं ते साफ चुकीचं आहे, ३६०० मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे, बायोसमधे (बोर्डाच्या सेटिंगमधे) जाऊन एफटीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी प्रोसेसरमधलीच सुरक्षेची सोय, चालू करा, बास.

आता दोन गोष्टी सांगा. एक, फुटेज नेमकं कुठल्या फॉरमॅटमधे शूट करता. दुसरं, टाइमलाइन प्ले करून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधे जीपीयूवर क्लिक करा, तिथे व्हिडिओ डिकोड असा एक छोटा ग्राफ असतो, तो हलतोय का बघा. आणि तेव्हाच सीपीयू किती टक्के आहे तेही बघा.

लालबाग_एडिट

४के ५०पी, एक्सएव्हीसी एचएस, १० बिट ४:२:२. एका मित्राने सांगितलेलं की कलर ग्रेडिंगला हेच बरं, म्हणून कॅमेरा घेतल्यापासून तेच सेटिंग आहे.

ग्राफ बघितला. व्हिडिओ डिकोड एकदम सपाट, शून्य. आणि सीपीयू ९८, १००, १००. म्हणजे प्रोसेसरच कमी पडतोय ना?

मुलुंड_बिल्डर

कमी पडतोय, पण त्याच्याकडे जे काम आलंय ते मुळात त्याचं नाहीच. नीट सांगतो कारण इथेच लोकांचे पैसे जातात.

एक्सएव्हीसी एचएस म्हणजे आतून एचईव्हीसी, व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत. यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं, म्हणून तुम्ही टाइमलाइनवर मधेच कुठेतरी क्लिक केलं की त्याला मागच्या कितीतरी फ्रेम उलगडत यावं लागतं. हे उलगडायला ग्राफिक्स कार्डात वेगळं सर्किट असतं. तुमच्या १६६० सुपरमधे पण आहे, आणि १० बिट ४:२:० असेल तर ते आरामात करतं. पण ४:२:२ मधे रंगाची माहिती ४:२:० च्या दुप्पट असते आणि एनव्हिडियाच्या कार्डांना ते जमायला २०२५ ची ५० सिरीज यावी लागली, ४० सिरीजच्या महागड्या कार्डांना पण येत नाही. मग सगळं ओझं प्रोसेसरच्या सहा कोअरवर. तुमचा तो सपाट ग्राफ हेच सांगतोय.

आणि दुकानदाराने सुचवलेल्या ९६००एक्स मधे जे ग्राफिक्स आहे त्याला पण ४:२:२ डिकोड करता येत नाही. त्यातल्या नव्या झेन ५ कोअरची ताकद आहे, थोडं कमी अडकेल, पण काम तसंच सॉफ्टवेअरने चालणार, आणि त्यासाठी तुम्ही बोर्ड, रॅम सगळं बदलून बसणार.

हे काम बिनबोभाट करतं ते इंटेल प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक, ११ व्या जनरेशनपासून पुढे. फक्त नावाच्या शेवटी एफ नको, एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. आय५ १२६००के सारखा प्रोसेसर आणि डीडीआर४ वाला बोर्ड घेतला तर तुमची आत्ताचीच रॅम चालेल. पण माझं ऐकाल तर तेही आत्ता नको. आधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या एडिटपुरत्या हलक्या कॉपी, करून बघा.

चारकोप_कोड

थोडी दुसरी बाजू मांडते. मी पण ३६०० वरच होते आणि ९७००एक्स वर गेले, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. माझं काम दिवसभर कोड कंपाइल करायचं, प्रत्येक बिल्डला चहा करून यायची वेळ मिळायची, आता उठायच्या आत होतं. एएम५ या नव्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढचा प्रोसेसर याच बोर्डवर बसेल. पण मी रॅम घेतली तेव्हा भाव असे नव्हते, आत्ता कोणी विचारलं तर मी पण थांबच म्हणेन. आणि तुमचं अडलंय ते माझ्यासारखं नाही, मुलुंडवाल्यांचं बरोबर आहे.

परळ_५७००एक्स

भाऊ, बोर्ड न बदलता पण मार्ग आहे. मी बी४५० वरच ३६०० काढून ५७००एक्स टाकला. आठ कोअर, आणि महत्त्वाचं म्हणजे ३६०० मधे ३२ एमबी कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) दोन तुकड्यांत वाटलेली असते, इथे आठही कोअरना ती एकत्र मिळते. ४:२:२ ची अडचण याने जाणार नाही हे खरं, पण एक्सपोर्टला फरक पडतो.

करायचं ठरवलंच तर माझ्या बाबतीत जे झालं ते तुमच्या बाबतीत होऊ देऊ नका. बायोस जुन्या प्रोसेसरवर असतानाच अपडेट करा, नाहीतर नवा बसवल्यावर स्क्रीनच येणार नाही. कूलर काढायच्या आधी मशीन अर्धा तास चालवून गरम करा आणि कूलर सरळ वर न ओढता हळूहळू डावीउजवीकडे फिरवत सोडवा. माझी कूलरखालची थर्मल पेस्ट सुकून दगड झालेली, मी ओढला आणि लॉक बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून वर आला, कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या. पेन-पेन्सिलीतलं (क्लचवाल्या) शिसं काढून त्या रिकाम्या नळीत एकेक पिन घालून सरळ केल्या, पाऊण तास श्वास रोखून. ५७००एक्स बरोबर कूलर येत नाही, तो वेगळा धरा. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर एफटीपीएममधल्या जुन्या चाव्या पुसू का, वाय का एन असं विचारतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच डिस्कबाहेर उभे राहाल.

मुलुंड_बिल्डर

परळवाले, हे पिनांचं लिहिलंत ते फार बरं केलंत, दरवेळी कोणाचा तरी प्रोसेसर असाच जातो.

आणि दादा, कोणी सेकंड हँड १३ व्या किंवा १४ व्या जनरेशनचा आय७, आय९ स्वस्तात देत असेल तर मोहात पडू नका. त्यांना जास्त व्होल्टेजमुळे खराब व्हायचा प्रॉब्लेम होता, इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) दिला, पण जो आधीच खराब झालाय तो त्याने बरा होत नाही. १२ वी जनरेशन यात नाही.

लालबाग_एडिट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री झोपताना त्याच लग्नाच्या पूर्ण फुटेजच्या प्रॉक्सी प्रोरेस फॉरमॅटमधे ७२०पी वर बनवायला लावल्या. सकाळी बघतो तर झालेल्या. प्ले दाबलं, अंतरपाट खाली आला, टाळ्या आल्या, वरमाला गळ्यात पडली, सगळं एकत्र. आईला हाक मारून दाखवलं. जागा मात्र भरपूर खातंय, दीडशे जीबीच्या वर गेलं.

एफटीपीएम पण चालू केलं, विंडोज ११ ची तपासणी पास झाली. मग दुकानदार तसं का बोलला कळत नाही.

तर या सीझनला प्रोसेसर नाही. आधी एक मोठी हार्ड डिस्क घेतो, बाकीचे पैसे तसेच ठेवतो आणि मे महिन्यातली लग्नं उरकली की १२६००के आणि डीडीआर४ बोर्डचं बघतो. एकच विचारायचंय, विधी ४:२:० वर शूट केले आणि फक्त कपल शूट ४:२:२ वर ठेवलं तर ग्रेडिंगला रंग जुळवताना त्रास होईल का?

मुलुंड_बिल्डर

पिक्चर प्रोफाइल आणि व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे एकच ठेवा, दोन्ही १० बिटच असू दे, मग विधींमधे फरक दिसणार नाही. क्रोमा कीसाठी हिरवा पडदा वगैरे असेल तेव्हा ४:२:२ लागतं, हळदीला नाही.

लालबाग_एडिट

उद्या तुमच्याच मुलुंडला साखरपुडा आहे, तिथे करून बघतो. संध्याकाळी टाकतो इथे.