मदत हवी आहे: वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन स्पिनला आलं की सगळं घर हादरतं

नमस्कार मंडळी, मशीनच्या हादऱ्यांनी वैताग आणलाय, कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज. नवीन घरात कपडे धुवायची खोली वरच्या मजल्यावर आहे, बेडरूमला लागून, आणि जमीन लाकडी आहे म्हणजे खाली तुळया, त्यावर फळ्या आणि वरून टाइल्स. मशीन ८ किलोचं फ्रंट लोड, तेच जुनं, आधीच्या घरी तळमजल्यावर होतं तेव्हा कधी हूं की चूं केलं नाही. इथे धुताना शांत, पाणी सोडताना शांत, पण शेवटचा १२०० आरपीएमचा (मिनिटाला १२०० फेरे) स्पिन चालू झाला की खालच्या हॉलमधला टांगलेला दिवा हलायला लागतो, कपाटातल्या बशा वाजतात, झोपलेलं माणूस उठून बसतं. मजा म्हणजे पूर्ण स्पीडला पोचायच्या आधी मध्येच एक टप्पा येतो तिथे सगळ्यात जास्त थरथरतं आणि पुढे स्पीड वाढला तरी जरा कमी होतं, हे मला कळतच नाहीये.

करून झालेलं: मागचे ट्रान्सपोर्टचे बोल्ट काढलेत (शिफ्टिंगसाठी लावले होते ते), स्पिरिट लेव्हल दोन्ही बाजूंनी ठेवून पाय सेट केलेत, पायाखाली मऊ रबरी पॅड टाकलेत. पॅडनी आवाज थोडा कमी झाला पण मशीन उलट जास्त डुलतंय असं वाटतं. आता आणखी जाड पॅड आणू का, की खालून काही आधार द्यायचा? मशीन खाली न्या असं सांगू नका, खाली नळही नाही आणि ड्रेनही नाही.

प्रतिसाद:
ताई, आधी कपडे कसे भरता ते बघा. एकटी जाड चादर किंवा एखादं पायपुसणं टाकलं की ते ओलं होऊन ड्रमच्या एका बाजूला गोळा होतं, मग कुठलंही मशीन नाचणारच. ड्रम अर्ध्याच्या वर भरा आणि जड-हलके कपडे मिसळून टाका. आणि गादीचं वॉटरप्रूफ कव्हर, रेनकोट असलं काही स्पिनला लावूच नका, त्यात पाणी अडकून बसतं आणि मग एकदम सुटतं, मशीनचा सत्यानाश होतो.

धागाकर्ती:
नाही हो, रोजचेच कपडे असतात, शर्ट टॉवेल वगैरे. कमी भरून, जास्त भरून दोन्ही बघितलं, फरक पडतो पण तो मधला टप्पा काही चुकत नाही.

प्रतिसाद:
तुमचा तो मधला टप्पाच सगळं सांगतोय. प्रत्येक जमिनीची स्वतःची एक थरथरायची गती असते, झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो कसा उंच जातो तसं ड्रमची गती आणि जमिनीची गती जुळली की जमीन झोके घेते, याला रेझोनन्स म्हणतात. स्पीड त्याच्या पुढे गेला की कमी होतं. तळमजल्यावर खाली घट्ट जमीन होती म्हणून तेच मशीन गप्प होतं, म्हणजे दोष मशीनपेक्षा जमिनीचा असायची शक्यता जास्त.

आणि जोर किती असतो बघा, अर्धा किलो ओलं कापड एका बाजूला राहिलं, ड्रमची त्रिज्या साधारण २५ सेंमी धरली तर १२०० ला जवळपास २०० किलो वजनाएवढी ओढ तयार होते, ती पण सेकंदाला २० वेळा दिशा बदलत. स्प्रिंगा आणि डँपर (ड्रमचे झटके शोषणारे दांडे) त्यातलं बरंच खातात, तरी उरतं ते जमिनीत जातं. स्पीड ८०० केला की तीच ओढ निम्म्याहून कमी होते कारण ती स्पीडच्या वर्गात वाढते, म्हणजे स्पीड दुप्पट तर ओढ चौपट. पण थांबा, लगेच ८०० लावू नका. फोनमध्ये कंपन मोजायचं एखादं ॲप टाका, फोन मशीनशेजारी जमिनीवर ठेवा आणि सगळ्यात जास्त हादरतं तेव्हा किती हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा थरथरतं) दाखवतं ते बघून इथे टाका. त्याला ६० ने गुणलं की आरपीएम येतो.

पॅडचं म्हणाल तर मऊ जमिनीवर मऊ पॅड म्हणजे डुलण्यात भर. पॅड घसरणं थांबवतात, बारीक घरघर कमी करतात, एवढ्या खालच्या गतीचे हादरे त्यांना झेपत नाहीत. जाड तर अजिबात आणू नका.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, पण मशीनला एवढ्यात क्लीन चिट देऊ नका, शिफ्टिंगमध्ये बऱ्याच गोष्टी सैल होतात. प्लग काढा, दार उघडा, ड्रम हाताने खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर डँपर ठीक, डुगडुगत राहिला तर गेलेत. मग ड्रमची कड धरून वर-खाली हलवा, आतल्या आत खेळ जाणवला किंवा हाताने फिरवताना घरघर आली तर बेअरिंग गेलं. आत काँक्रीटची वजनं असतात त्यांचे बोल्ट ढिले झाले तरी धडधडतं, पण ते मेकॅनिककडूनच बघून घ्या. आणि लेव्हल केलीत म्हणता, पण चेकनट (पाय जागेवर अडकवून ठेवणारे नट) वर बॉडीला घट्ट टाईट केलेत का? ते सैल राहिले की पाय आपोआप फिरतात. वरच्या पत्र्याचे समोरासमोरचे कोपरे दाबून बघा, जरासुद्धा हलता कामा नये. पॅड काढून मगच हे करा नाहीतर काही कळणार नाही.

धागाकर्ती:
पॅड काढले, चेकनट दोन ढिले निघाले ते आवळले, डँपर बेअरिंग ठीक वाटतंय. डुलणं बरंच कमी झालं, खालचा दिवा मात्र अजून हलतो. ॲपवर १४ च्या आसपास येतंय.

प्रतिसाद:
१४ म्हणजे साधारण ८४०. म्हणूनच म्हटलं ८०० नको, तिथे मशीन नेमकं त्या टप्प्याजवळ मुक्काम करेल. ६०० ला ठेवून बघा, म्हणजे त्या टप्प्याला हातच लागणार नाही. कपडे जरा ओले निघतील, वाळायला वेळ लागेल, ते चालत असेल तर आज रात्रीपासून झोप.

कायमचं करायचं तर जमीन कडक करा. पहिलं फुकटातलं: मशीन खोलीच्या मध्यावर असेल तर ज्या भिंतीत तुळयांची टोकं बसलीत तिकडे सरकवा, तुळई मध्यावर सगळ्यात जास्त वाकते. भिंतीला आणि पाइपांना मात्र चिकटवू नका नाहीतर भिंत वाजेल. दुसरं, खाली वॉटरप्रूफ प्लायचा जाड तुकडा, २५ मिमी तरी, आणि मशीनपेक्षा मोठा, म्हणजे वजन दोन-तीन तुळयांवर वाटलं जाईल. उंच स्टँड आणि चाकांचा ट्रॉलीस्टँड दोन्ही नकोत.

धागाकर्ती:
भिंतीकडे सरकवता येईल, पाइप पुरतो. प्लाय टाइल्सवर नुसता ठेवायचा की स्क्रू मारायचे?

प्रतिसाद:
टाइल्समधून स्क्रू मारू नका, खालून वायर किंवा पाइप गेला असेल तर नवीनच काम निघेल आणि पाणीही झिरपेल. नुसता ठेवा, खाली पातळ कडक रबर शीट टाका म्हणजे सरकणार नाही. त्याआधी टाइल्स ठोकून बघा, पायाखालची एखादी पोकळ वाजली तर ती आधी बसवून घ्या. एवढं करूनही पुरलं नाही तर खालचं छत उघडून तुळयांच्या मध्ये आडवे लाकडी ठोकळे घट्ट बसवायचे, पण ते सुताराचं काम आहे आणि पसारा होतो. छताला नवीन भेगा दिसल्या तर मात्र वाट बघत बसू नका, जाणकार माणसाला बोलावून तुळया तपासून घ्या.

धागाकर्ती:
आज ६०० ला लावलं, दिवा हलला नाही. टॉवेल ठिबकत नाहीयेत पण जड लागतात. रविवारी मशीन सरकवून प्लाय टाकते आणि परत १२०० ला लावून इथे लिहिते.