वॅगन आरचे बल्ब घरीच बदलायचेत: हेडलाइट, ब्रेकलाइट, रूम लाइट (इंदूर)

सुदामानगरचा_पक्या

नमस्कार मंडळी. गाडी वॅगन आर, २०१२चं मॉडेल, पेट्रोल. बाबांची होती, आता मी चालवतोय. इंजिन मस्त आहे पण लाइट एकेक करून सगळे राम म्हणायला लागलेत.

डावा हेडलाइट डिपरला लागत नाही, अप्परला लागतो. मागचा उजवा ब्रेकलाइट मनात आलं तर लागतो नाहीतर नाही, आणि गंमत म्हणजे ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद मंद पेटतो, हे काय भूत आहे देव जाणे. रूम लाइट तर केव्हाचाच गेलाय, आई मागे बसली की मोबाइलच्या टॉर्चमध्ये चष्म्याचं घर शोधते.

एका ॲक्सेसरीवाल्याला दाखवली (नाव नाही घेत), तो म्हणे आता हॅलोजन कोण लावतं भिया, पुढे एलईडी टाकून घ्या आणि मागचं वायरिंग पूर्ण नवं करावं लागेल. आकडा ऐकून मी गाडी वळवली. पुढच्या आठवड्यात ओंकारेश्वरला जायचंय, परत येताना रात्र होणारच आणि खंडवा रोडवर भेरूघाट आहे. घरी स्क्रूड्रायव्हर, पक्कड वगैरे सगळं आहे, हात चालतो, फक्त इलेक्ट्रिकच्या भानगडीत कधी पडलो नाही. कुठले बल्ब आणू, कसे बदलू आणि एलईडी खरंच घ्यावा का, कोणी सांगेल का?

---

वायरमन_काका

अरे पक्या, वायरिंगचं नंतर बघू. तू सांगितलंयस त्यावरून तीनपैकी दोन कामं तर बल्बचीच वाटतात आणि तिसरं बहुतेक पॉलिश पेपरचं आहे.

हेडलाइट. तुझ्या गाडीत एच४ बल्ब आहे, १२ व्होल्ट ६०/५५ वॅट. एकाच काचेत दोन फिलामेंट, अप्परची ६० ची, डिपरची ५५ ची. अप्पर लागतोय म्हणजे तिथपर्यंत करंट पोचतोय, डिपरची तार तुटली एवढंच. गावात सगळा वेळ डिपरच जळतो त्यामुळे आधी जातो तोही तोच.

आता बदलायचा कसा. चावी काढ, लाइट बंद, आणि नुकती चालवली असशील तर चहा वगैरे पिऊन ये, हॅलोजनची काच चटका नाही देत, फोड आणते. बोनेट उघड, हेडलाइटच्या पाठीमागे तीन पिनचा कपलर, म्हणजे वायरी जोडलेला प्लग, दिसेल. वायर धरून ओढायचं नाही, कपलरचं प्लास्टिक धरून डावी-उजवीकडे थोडं हलवत सरळ मागे काढ, इतक्या वर्षांचा घट्ट बसलेला असतो. मग रबरी टोपी, तिला धरायला कान असतात. आत तारेची स्प्रिंग क्लिप असते, ती दाबून बाजूला केली की सुटते, आणि बल्ब हातात यायच्या आधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेव. बल्बच्या पत्र्याला तीन कान असतात, सारख्या मापाचे नसतात, त्यामुळे तो एकाच प्रकारे बसतो. बसत नसेल तर फिरवून बघ, दाबू नकोस. वाकडा बसलेला बल्ब पेटतो व्यवस्थित पण उजेड झाडावर पडतो.

नव्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, पत्र्याला धरायचं. बोटाचं तेल काचेवर राहतं, तापलं की तेवढाच भाग जास्त गरम होतो आणि बल्ब लवकर जातो, कधी काचेला फुगा येतो. लागलंच बोट तर कापसावर स्पिरिट घेऊन पुसून टाक. बॅटरी ज्या बाजूला असेल तिकडे हात जायला जागा कमी असते, तिथे घाई नको, क्लिप हातातून सुटून खाली पडली तर संध्याकाळ तिलाच शोधण्यात जाईल.

आणि कपलर हातात आहे तेव्हा उलटा करून त्याचं तोंड नक्की बघ. प्लास्टिक तपकिरी पडलंय, एखादं थिंबल (वायरीच्या टोकाला असतो तो पत्र्याचा चिमटा) काळं झालंय, तर नवा बल्बही जास्त दिवस नाही टिकणार. एच४ चा कपलर छोट्या वायरींसकट वेगळा मिळतो, पन्नास-शंभरचं काम आहे, तो बदल. दुकानदार १००/९० वॅटचा बल्ब दाखवेल, 'जास्त उजेड' म्हणेल, घेऊ नकोस. ५५ वॅट साडेचार-पावणेपाच अँपिअर खेचतं, ९० वॅट साडेसात, तुझी ती बारीक वायर आणि हेडलाइटचा स्विच हे सहन करायला बनवलेलेच नाहीत. कपलर वितळलेल्या गाड्या माझ्याकडे येतात त्यात बऱ्याच अशाच.

रबरी टोपी परत बसवताना कडेने बोट फिरवून सगळीकडे चेप. ती अर्धवट राहिली की पावसाळ्यात हेडलाइटच्या आत दव धरतं आणि मग रिफ्लेक्टर (उजेड पुढे फेकणारा आतला चकचकीत भाग) कायमचा जातो.

ब्रेकलाइटचं आता. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो ना, हे भूत नाही, अर्थिंगची भानगड आहे. त्या लाइटमधल्या सगळ्या बल्बांचा अर्थ, म्हणजे करंटची परतीची जोडणी, एकाच वायरने बॉडीला जातो. तो सैल झाला, गंजला की ब्रेकच्या करंटला घरी जायचा रस्ता मिळत नाही, मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून वाट काढतो. डिक्की उघडली की लाइटचे स्क्रू दिसतील ते काढ, आख्खा लाइट जपून मागे ओढ, होल्डर फिरवून बाहेर घे. आत हिरवट-पांढरी बुरशी असेल, बारीक पॉलिश पेपरने पितळ चमकेपर्यंत घास, पत्र्याची पट्टी दबली असेल तर किंचित वर उचल. मागचा बल्ब दोन फिलामेंटचा असतो, २१ वॅट ब्रेकला, ५ वॅट पार्किंगला. त्याच्या बाजूच्या दोन पिना वर-खाली असतात, मुद्दाम, उलटा बसू नये म्हणून. तरी जोर लावून उलटा बसवणारे महाभाग आहेत, मग पार्किंगला भक्क उजेड आणि ब्रेक दाबला की मिणमिणता. मागच्याला कळणार कसं तू थांबतोयस ते!

रूम लाइट: आधी स्विच 'डोअर' वर आहे का ते बघ. हसू नकोस, लोक वर्षानुवर्षं ऑफवर ठेवून फिरतात.

---

बायपासचा_राजा

काका कुठल्या जमान्यात आहात, आता हॅलोजन म्हणजे कंदील, मी मागच्या दिवाळीत एलईडी टाकलेत पांढरेफेक, बायपासवर रात्री दोनला पण दिवसासारखं दिसतं, बल्ब काढायचा नि तोच कपलर लावायचा, वायर कापायची नाही काही नाही, करंट पण कमी खातो त्यामुळे काकांचा तो वितळायचा विषय पण संपला, पक्या तू डोळे झाकून एलईडी घे

---

मंजिरी_राजेंद्रनगर

डोळे झाकून घे म्हणे! समोरच्याला झाकावे लागतात म्हणून?

राजाभाऊ, राग मानू नका पण उजेड जास्त दिसणं आणि रस्ता जास्त दिसणं यात फरक आहे. जुना एच४ बल्ब हातात घेऊन नीट बघा, डिपरच्या फिलामेंटखाली चमच्यासारखी एक बारीक पत्र्याची वाटी दिसेल. तीच खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, आणि त्यामुळेच डिपरचा झोत एका रेषेच्या वर जात नाही. हेडलाइटचा आख्खा रिफ्लेक्टर त्या फिलामेंटची जागा धरून कोरलेला असतो. एलईडीत तिथे दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या, जागा वेगळी, आकार वेगळा, मग उजेड फुटून चहूकडे जातो. गाडीच्या पुढ्यात दहा पावलांवर लख्ख आणि लांबचं काहीच नाही, जवळ एवढं लख्ख असल्यामुळे तुमची बाहुली लहान होते ते वेगळंच. घाटात वळणावर पाऊस असेल तर तो पांढरा उजेड पाण्यावरून परत तुमच्याच डोळ्यात येतो.

कायद्यातही हे आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १०६ बघा. दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो झोत दिपवता कामा नये, असं लिहिलंय. दीड मीटर म्हणजे चालत्या माणसाचे डोळे. कंपनीतूनच एलईडी आलेल्या गाड्यांचं वेगळं, त्यांचा दिवाच त्यासाठी बनवलेला असतो.

पक्या, तुला एलईडीची हौस असेलच तर रूम लाइटला लाव, तिथे फायदाच आहे. चुकून रात्रभर चालू राहिला तरी बॅटरी लगेच बसत नाही. दोन्ही टोकांना टोप्या असलेला लांबट बल्ब असतो तो, ३१, ३६, ४१ मिलिमीटर अशा मापांत येतो, जुना सोबत घेऊन जा म्हणजे दुकानात अंदाज लावत बसायला नको. एलईडी लावल्यावर पेटला नाही तर टाकून देऊ नकोस, काढून उलटा लाव, त्याला प्लस-मायनस असतं. वरचं कव्हर काढायला स्क्रूड्रायव्हर घालू नकोस, जुनं एटीएम कार्ड घाल, प्लास्टिकवर ओरखडा नाही पडत.

इंडिकेटरला मात्र एलईडी नको, जुन्या गाडीत फ्लॅशरला (इंडिकेटर चालू-बंद करणारी डबी) वाटतं बल्ब गेला आणि तो दुप्पट वेगाने टकटक करायला लागतो.

---

बायपासचा_राजा

ताई एवढं पुस्तक वाचून कोण गाडी चालवतं, आणि समोरून ट्रकवाले डिपर मारतात ते सगळ्यांनाच मारतात

---

मंजिरी_राजेंद्रनगर

मला नाही मारत 😄

---

रामबागकर

बल्बसाठी छोटी ग्वालटोलीत जा, सरवटे बसस्टँडच्या बाजूला पार्ट्सची ओळच्या ओळ आहे. हेडलाइटला फिलिप्स किंवा ओसरामचा साधा ६०/५५ माग, निळ्या काचेचा नको, निळा रंग उजेडच खातो. खोकं उघडून बल्बच्या पत्र्यावर नाव-वॅट कोरलेलं आहे का बघून घे, नकली माल खूप फिरतोय.

अजून एक, हेडलाइटची काच पिवळी पडलीय का? काच म्हणजे पॉलीकार्बोनेट, उन्हाने पिवळी पडते. तसं असेल तर कितीही भारी बल्ब टाक, उजेड आतच राहणार. पाण्यात भिजवून १००० मग २००० नंबरचा पेपर, मग पॉलिश, खूप फरक पडतो. वरून यूव्हीचा (ऊन अडवणारा) थर मार नाहीतर वर्षभरात परत तेच.

---

सुदामानगरचा_पक्या

सगळ्यांचे आभार, रविवारी पोहे खाऊन कामाला लागलो, दुपारच्या जेवणापर्यंत सगळं आटोपलं.

हेडलाइट: काकांनी सांगितलं तसंच निघालं, काढलेल्या बल्बची डिपरची तार तुटून काचेला आतून राखाडी डाग पडला होता. ती वाटी पण दिसली मंजिरीताई, शेजारच्या पोराला पण दाखवली. कपलर बरा आहे, थिंबल थोडं काळं होतं ते साफ केलं. क्लिप बसवताना मात्र घाम फुटला, दिसत काही नाही, सगळं बोटांच्या अंदाजाने.

ब्रेकलाइट: होल्डर बाहेर काढला तर आत अक्षरशः हिरवी रांगोळी. घासला, पट्टी वर केली, तोच जुना बल्ब परत लावला आणि टकाटक! इंडिकेटरचं चमकणं पण गेलं. आख्खं वायरिंग बदलणार होता तो माणूस!! आईला ब्रेकवर पाय ठेवायला बसवलं आणि मी मागे उभा, ती दर वेळी विचारायची "लागला का रे?" आणि विचारताना पाय काढायची.

रूम लाइटचा स्विच ऑफवर नव्हता काका 🙂 बल्बच गेलेला. ३१ चा निघाला, एलईडी लावला, आधी पेटला नाही, उलटा केला, पेटला.

आता शेवटचं, रात्री सोसायटीच्या भिंतीवर उजेड टाकून बघितला तर डावीकडचा पांढरा स्वच्छ आणि उजवीकडचा पिवळट, आणि डावा थोडा खाली पण पडतोय असं वाटतं. हे चालेल का काही करावं लागेल?

---

वायरमन_काका

उजवाही बदल. हॅलोजन म्हातारा झाला की उजेड उतरतो, जोडीनेच बदलायचा असतो. उजवा काढलास की तो फेकू नकोस, जळतोय अजून, खोक्यात घालून डिक्कीत ठेव, घाटात कामाला येईल.

डावा खाली पडतोय तर आधी रबरी टोपी काढून बल्बचे तिन्ही कान खाचेत पूर्ण टेकलेत का बघ, बहुतेक एक कान वर राहिला असेल. ते ठीक असेल तरच ॲडजस्टिंगच्या स्क्रूला हात लाव. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी सपाट जागेवर, डॅशबोर्डवर लेव्हलचं चाक असेल तर शून्यावर. भिंतीजवळ गाडी आणून दोन्ही दिव्यांचा मध्य येतो त्या उंचीवर आडवी चिकटपट्टी लाव, मग सरळ मागे पाच मीटरवर जा. डिपरची वरची कड पट्टीच्या चार बोटं खाली, दोन्हीकडे सारखी, एवढं बघ. स्क्रू अर्धा-पाव आटाच फिरवायचा आणि दर वेळी भिंतीकडे बघायचं.

मागे माणसं आणि डिक्कीत सामान भरलं की नाक वर होतं, ओंकारेश्वरला निघताना ते चाक एक-दोन नंबरवर आण.

---

सुदामानगरचा_पक्या

एक कान वरच होता काका. उजवा उद्या आणतो.