पडवी, ओटी, माजघर: मुलांना इंग्रजीत घर शिकवताना

गुहागर : तिसरी-चौथीला 'माय हाऊस' शिकवते आहे. तक्त्यावर लिव्हिंग रूम, बेडरूम, डायनिंग रूम, बाथरूम आणि गॅरेज. वर्गातल्या बहुतेकांची घरं कौलारू. एकाला विचारलं, तुमची बेडरूम कुठे आहे? म्हणाला, "बाई, उन्हाळ्यात अंगणात, पावसात माजघरात." उत्तर चुकीचं म्हणायची माझी हिंमत नाही. पडवी, ओटी, माजघर, न्हाणीघर, मागीलदार, माळा यांना या वयाला झेपतील असे इंग्रजी शब्द सुचवा. पडवी, ओटी, ओसरी या तिन्हींना मला 'व्हरांडा'च सुचतो.

अलिबाग : व्हरांडाच लिहा, बाई. परीक्षेत तेवढंच विचारतात.

रत्नागिरी : परीक्षेत विचारतात म्हणून तेवढंच शिकवलं, तर मूल तक्त्यातल्या घराचं वर्णन पाठ करतं आणि स्वतःच्या घराबद्दल एक वाक्य बोलू शकत नाही. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. तेव्हापासून 'देअर इज अ सोफा इन माय लिव्हिंग रूम' हे वाक्य सोफा नसलेल्या किती घरांतून घोकलं गेलं असेल!

आता शब्द. आमच्या भागात ओटी आणि पडवी एक नाहीत. अंगणातून पायऱ्या चढून आलात की पडवी: छपराचा उतार पुढे ओढून खाली घेतलेला भाग, बहुधा उघडा, नाहीतर गज लावलेला. पावसाची झड आत येऊ नये म्हणून तिला झापं बांधतात. तिच्या आत, थोडी उंच, ती ओटी. पाहुणा बसतो ओटीवर, हिशेब होतात ओटीवर, झोपाळा कुणाकडे ओटीवर, कुणाकडे पडवीत. म्हणून पडवी म्हणजे व्हरांडा हे ठीक, पण ओटी कामाच्या दृष्टीने 'फ्रंट रूम' आहे. ब्रिटनमध्ये जुन्या घरातल्या रस्त्याकडच्या बैठकीच्या खोलीला लोक 'फ्रंट रूम'च म्हणतात, तेव्हा शब्द ओढूनताणून आणलेलाही नाही. ओसरी मी घाटावरच्यांकडून जास्त ऐकलेला आहे. तो मुलांच्या बोलण्यात नसेल तर मध्ये आणूच नका.

माजघराला 'लिव्हिंग रूम' म्हणायला माझी हरकत नाही. घर खरं तिथेच जगतं: जेवणं, निवडणं-टिपणं, दुपारची झोप, रात्रीची अंथरुणं. फक्त तक्त्यावर जो सोफा नि टीव्ही असतो, तो आपल्याकडे ओटीवर सापडतो. मुलांना हे सांगून टाका. नाव कशावरून ठरतं, खोलीतल्या सामानावरून की तिथे चालणाऱ्या कामावरून, हे चौथीतल्या पोरांना छान कळतं.

आणि 'हॉल' हा शब्द जपून. आपल्याकडे वन रूम किचनवाल्याचाही 'हॉल' असतो. इंग्लंडमधल्या घरात हॉल म्हणजे दारातून आत आल्यावरची जायची-यायची जागा. तिथल्या गोष्टीत कुणी हॉलमध्ये छत्री ठेवली, तर ती बैठकीत ठेवलेली नसते.

मालवण : आमच्या हयसर अंगणाक खळां म्हणतत. पाऊस सरलो की खळां करूचां, चोपूचां, शेणान सारवूचां आणि वर माटव घालूचो. हेका 'कोर्टयार्ड' लिवलां तर चलात काय?

रत्नागिरी : नाही चालायचं. कोर्टयार्ड चारी बाजूंनी भिंतींनी किंवा इमारतींनी वेढलेलं असतं. वाड्यातला चौक म्हणजे कोर्टयार्ड. खळं पुढून उघडं, तेव्हा 'फ्रंट यार्ड'. मांडवासकट सांगायचं तर मुलाला दोन वाक्यं लिहू द्या. सारवण्यालाही एक क्रियापद शोधत बसू नका, 'वी कोट द फ्लोअर विथ काउ डंग' पुरे. जिथे शब्द नाही तिथे वाक्य असतं, आणि भाषा शिकवायची म्हणजे वाक्यच तर शिकवायचं.

डोंबिवली, मूळ देवगड : तुमचं सगळं मान्य, पण एक विचारते. ही मुलं उद्या मुंबई-पुण्यालाच जाणार. डायनिंग रूम त्यांना नको का? माझा भाचा पहिल्यांदा इथे आला तेव्हा 'मास्टर बेडरूम' म्हणजे मास्तरांची खोली समजला होता. 😀

रत्नागिरी : हवी की. पण दुसऱ्या आठवड्यात. आधी आपलं घर, मग मावशीचा फ्लॅट. मुलं फ्लॅट पाहून आलेली असतातच, चाकरमान्यांची घरं ती.

त्यावरून आठवलं, माळा. गावच्या घरात माळा म्हणजे छपराखालची सामानाची जागा, म्हणून 'लॉफ्ट' किंवा 'ॲटिक'. मुंबईत 'तिसऱ्या माळ्यावर राहतो' म्हणजे थर्ड फ्लोअर. ज्याचे वडील लालबागला आणि आजी गावाला, तो दोन्ही एका दमात बोलतो. हे वर्गात वेगळं करावं लागतं, नाहीतर आजीचे नारळ थर्ड फ्लोअरवर जातात. शिवाय 'फ्लोअर' म्हणजे जमीनही आणि मजलाही. ब्रिटिश मोजणीत तळाचा ग्राउंड फ्लोअर, त्याच्या वरचा फर्स्ट. अमेरिकन लोक तळालाच फर्स्ट म्हणतात. आपण ब्रिटिशच धरावं. अमेरिकन रीत मुलांना आत्ताच सांगायची गरज नाही.

गुहागर : मागीलदाराचं काय? माझ्या वर्गातलं ताजं वाक्य: 'माय मदर वॉशेस व्हेसल्स इन द बॅक डोअर.'

रत्नागिरी : वा! पोराचं मराठी पक्कं आहे. आपल्याकडे 'मागीलदार' म्हणजे ते दारही आणि दाराबाहेरची जागाही. 'आई मागीलदारी आहे' म्हटलं की ती उंबऱ्यात अडकलेली नसते. इंग्रजीत दार ते दार. उभी असेल तर 'ॲट द बॅक डोअर', भांडी घासत असेल तर 'इन द बॅकयार्ड'. 'व्हेसल्स' आपण भारतात म्हणतो, बाहेरचा माणूस 'डिशेस' म्हणेल, पण त्यावर लाल पेन नको. परसूसाठीही बॅकयार्डच. 'परसाकडे जाणं' मात्र वेगळं, ते शब्दशः करू नका म्हणजे झालं.

खरी अडचण नामांची नाहीच. ती 'आहे'ची आहे. 'घराला चार खोल्या आहेत', 'घरामागे विहीर आहे', 'घर मोठं आहे', सगळीकडे आपला एकच 'आहे'. इंग्रजीत पहिल्याला 'हॅज', दुसऱ्याला 'देअर इज', तिसऱ्याला नुसतं 'इज'. म्हणून मुलं 'माय हाऊस इज फोर रूम्स' लिहितात. त्यात आपले मागे-पुढे-खाली नामानंतर येतात आणि त्यांचे आधी, म्हणून 'हाऊस बिहाइंड वेल' तयार होतं. घराचा नकाशा फळ्यावर काढून एकेक वाक्य बोलून घ्या. गोठा घराच्या मागे, विहीर गोठ्याच्या शेजारी, तुळस दारासमोर. खोल्यांची नावं पाठ करण्यात जेवढे तास जातात, त्याच्या निम्मे इथे घाला.

अलिबाग : बंगला आणि घर यात मुलं भांडतात. ज्याचा स्लॅब त्याचा बंगला.

रत्नागिरी : त्यांना सांगा, 'बंगलो' इंग्रजीत आपल्याकडूनच गेला, बंगाली धाटणीचं घर या अर्थाने. आणि ब्रिटनमध्ये तो आज एकमजली घरालाच म्हणतात. म्हणजे स्लॅबवाल्याच्या दुमजली घरापेक्षा आजीचं बैठं कौलारू घर बंगलोच्या जास्त जवळचं. भांडण मिटेल किंवा वाढेल. 'व्हरांडा'ही असाच हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला. तेव्हा पडवीला तो शब्द लावताना संकोच नको.

जांभ्याचंही सांगण्यासारखं आहे. त्याचं लॅटराइट हे इंग्रजी नाव स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारातला चिरा पाहून दिलं, लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात त्यावरून. चिऱ्याच्या खाणीवर माणूस जे कापून काढतो, ती वीटच की. मंगलोरी कौलांचं बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचं पहिलं कारखानदारी उत्पादन १८६५चं, त्याआधी आपल्याकडे नळ्यांची कौलं किंवा गवत. 'टाइल्ड रूफ' आणि 'थॅच्ड रूफ' दोन्ही शिकवा.

डोंबिवली, मूळ देवगड : पागोळ्यांना?

रत्नागिरी : एक शब्द नाही. 'वॉटर ड्रिपिंग फ्रॉम द ईव्ह्ज'. 'ईव्ह्ज' म्हणजे छपराची पुढे आलेली कड. पण गंमत पाहा, चोरून ऐकण्याला इंग्रजीत 'ईव्ह्जड्रॉप' म्हणतात, ते याच पागोळ्यांवरून. छपराचं पाणी जिथे ठिबकतं, त्या भिंतीलगतच्या पट्ट्यात उभं राहून आतलं बोलणं ऐकणारा तो ईव्ह्जड्रॉपर. चौथीला जड आहे, पण सातवीच्या वर्गात हमखास चालतं, कारण असा माणूस प्रत्येक वाडीत एक असतोच.

गुहागर : वर्गाला घरं बघायला न्यायचा विचार आहे. जवळपास काय दाखवता येईल?

रत्नागिरी : टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान. १८५६ साली त्यांचा जन्म झाला ते घर बघायला खुलं आहे. तिथे उतरतं छप्पर, पायऱ्या, माळ्याचा जिना असं बोट ठेवून दाखवता येतं. वाटेत मालगुंडला केशवसुतांचं स्मारकही घ्या. वहीत तीनच वाक्यं लिहायला सांगा, दहा नको.

मालवण : आणि मांगराक काय म्हणायचां? 'बार्न' लिवलेलां बघितलंय.

रत्नागिरी : 'शेड' लिहा. बार्न म्हटलं की धान्याचं-चाऱ्याचं मोठं कोठार डोळ्यापुढे येतं, आपला मांगर तेवढा दांडगा नसतो. आणि शेतीच्या दिवसांत काही घरं मांगरातच मुक्कामाला असतात. तेव्हा एखाद्याने 'वी स्टे इन द शेड' लिहिलं, तर गुण कापू नका.