स्थानिक शेती आणि अन्न यांविषयीची आस्था एका दिवसापुरती न राहता टिकावी, यासाठी काय करावे?

मृदगंध (प्रश्न)

नमस्कार. आम्ही काही नागरिक मिळून आमच्या परिसरातील शेती आणि तिच्यातून येणारे अन्न यांविषयी लोकांमध्ये जाण वाढावी म्हणून काम करतो. त्यासाठी प्रदर्शने भरवली, शेतकऱ्यांची व्याख्याने ठेवली, माहितीपत्रके वाटली आणि शिवार फेऱ्याही काढल्या. प्रतिसाद चांगला मिळतो. लोक मुलाबाळांना घेऊन येतात, आस्थेने प्रश्न विचारतात, शेतकऱ्याशी बोलून भारावून जातात. परंतु काही आठवड्यांनी त्यांच्यापैकी कोणाशी बोलावे, तर खरेदीच्या सवयी जशाच्या तशा असतात आणि सध्या कोणत्या पिकाचा हंगाम चालू आहे, हेही बहुतेकांना सांगता येत नाही.

येणाऱ्या लोकांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. प्रश्न असा आहे की, त्या दिवशी वाटलेल्या आदराचे रूपांतर रोजच्या वागण्यात व्हावे, यासाठी कार्यक्रमांची रचनाच वेगळी करावी लागेल का? ज्यांनी असे काम दीर्घकाळ केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वाफसा

मृदगंध, कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो. माझ्या मते मूळ अडचण एकाच भेटीत सगळे दाखवण्याच्या पद्धतीत आहे. शिवार फेरीसाठी आपण पीक जोमात असलेला आणि हवा बरी असलेला दिवस निवडतो. त्यामुळे पाहुण्याला शेती म्हणजे हिरवेगार दृश्य वाटते. न उगवलेले बियाणे, रात्रीच्या उकाड्याने झालेली फुलगळ, तोडणीच्या वेळी न मिळालेले मजूर यांतले काहीही त्याच्या नजरेस पडत नाही. जे पाहिले नाही, त्याचे मोल त्याला कसे कळावे?

म्हणून माझी सूचना अशी की, लोक थोडेच असू द्यावेत, पण तेच लोक, तेच शेत आणि एकच पीक पूर्ण हंगामभर पाहावे. टोमॅटोचे उदाहरण घेतो. पहिली भेट रोपे लावताना ठेवावी, तीही ऊन उतरल्यावर. कोवळे रोप भर उन्हात लावले तर ते का माना टाकते, हे सांगण्याची वेळ तीच असते. दुसरी भेट फुलोऱ्यात ठेवावी. पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध परागकोशांची नळी असते. वाऱ्याने फूल हलले किंवा भुंग्याने त्याला धरून अंग थरथरवले, की त्या नळीतून पराग खाली झडतो आणि मग फळ धरते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस फवारणीची वेळ सकाळची की संध्याकाळची, हा प्रश्न आपणहून विचारू लागतो.

तिसरी भेट तोड्याच्या दिवशी. त्या दिवशी दोन क्रेट शेजारी ठेवावेत. एका क्रेटमध्ये लांबच्या बाजारासाठी तोडलेली, टोकाला जेमतेम लाली धरलेली फळे असावीत आणि दुसऱ्यात झाडावरच पिकलेली. पूर्ण पिकलेले फळ लांबच्या प्रवासात दबते व फुटते, म्हणून ते आधी तोडावे लागते. फळात तयार होणाऱ्या इथिलीन वायूमुळे त्याला वाटेत रंग चढतो, पण देठापासून सुटल्यावर झाडाकडून मिळणारी साखर थांबलेली असते. पहिल्या क्रेटमधली फळे सावलीत लाल होऊ द्यावीत आणि काही दिवसांनी ताज्या तोड्याशेजारी ठेवून दोन्हींची चव द्यावी. आपल्याला वेगळे भाषण करावे लागत नाही.

त्याच दिवशी प्रतवारीही दाखवावी. किंचित वाकडे, खांद्याशी तडे गेलेले किंवा आकाराने लहान असलेले फळ चवीला उत्तम असूनही बाजूला का पडते, हे ग्राहकाने समोर बसून पाहिले पाहिजे, कारण ते बाजूला टाकण्याचा निर्णय अखेर त्याच्याच निवडीतून आलेला असतो. काढणीनंतर किरकोळ विक्रीपर्यंत पोहोचण्याआधीच जगातील सुमारे १४ टक्के अन्न वाया जाते, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये मांडला होता. हा आकडा फलकावर वाचून विसरला जातो. प्रतवारीच्या ढिगाशेजारी उभे राहून ऐकला, तर लक्षात राहतो.

पाटीपेन्सिल

वाफसा यांचे म्हणणे पटते, परंतु अशा फेऱ्यांना मुळात आवड असलेलेच लोक येतात. सगळ्यांपर्यंत पोहोचायचे असेल, तर जिथे रोज शेकडो पाने वाढली जातात, तिथे काम करावे लागेल, म्हणजे शाळा, रुग्णालये, वसतिगृहे आणि कार्यालयांची भोजनगृहे. मी शालेय शिक्षणाच्या क्षेत्रात असल्यामुळे शाळांविषयी लिहिते.

जपानने २००५ मध्ये अन्नशिक्षणाचा स्वतंत्र मूलभूत कायदा केला आणि त्याच वर्षापासून शाळांमध्ये पोषण-शिक्षक हे पद निर्माण केले. तेथे दुपारचे जेवण हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. ब्राझीलने वेगळ्या बाजूने सुरुवात केली. २००९ च्या कायद्यानुसार शालेय भोजनासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून थेट खरेदीसाठी वापरण्याचे बंधन घातले गेले. यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती खरेदीची पद्धत. नेहमीच्या निविदेत सर्वांत कमी दराला पुरवठा करणारा जिंकतो, आणि तिथे लहान शेतकरी टिकूच शकत नाही. म्हणून त्या कायद्याने, दर स्थानिक बाजाराशी सुसंगत असतील या अटीवर, निविदेऐवजी जाहीर आवाहनाद्वारे खरेदी करण्याची मुभा दिली. आपल्या मालाला ठराविक काळ गिऱ्हाईक आहे, हे शेतकऱ्याला आधी कळते, आणि मुलांच्या ताटात हंगामाप्रमाणे बदलणारे अन्न येते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. जी भाजी मुलाने स्वतः वाफ्यात लावली, निंदली आणि खुडली, ती ताटात आल्यावर ते निदान चाखून पाहते. तीच भाजी केवळ पौष्टिक म्हणून पुढे केली, तर पहिल्या घासाआधीच नाक मुरडते. त्यामुळे शाळेचा वाफा कितीही लहान असला तरी चालेल, मात्र त्यातले पीक शाळा भरलेली असताना काढणीला आले पाहिजे. ही साधी बाब पुष्कळ ठिकाणी सुटते. सुट्टीत पीक तयार होते आणि मुले परत येईपर्यंत वाळून जाते. मेथी, मुळा, पालक यांसारखी महिना-दीड महिन्यात हाती येणारी पिके म्हणूनच सोयीची ठरतात.

ताळेबंद

चर्चा चांगली चालली आहे. मला एका धोक्याकडे लक्ष वेधायचे आहे. अशा मोहिमांमध्ये उत्साहाच्या भरात काही दावे केले जातात, ते तपासाला उतरत नाहीत आणि मग सगळ्याच कामावरचा विश्वास उडतो.

‘स्थानिक अन्न म्हणजे पर्यावरणाला कमी भार’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात असते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकेतील कुटुंबांच्या अन्नाचा हिशेब मांडला, तेव्हा अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८३ टक्के वाटा उत्पादनाच्या टप्प्यातला निघाला. सर्व प्रकारच्या वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्के होता आणि उत्पादकापासून विक्रेत्यापर्यंतच्या शेवटच्या वाहतुकीचा केवळ ४ टक्के. कोणते अन्न खातो आणि ते कसे पिकवले जाते, यावर अधिक अवलंबून असते. थंड हवेत इंधन जाळून तापवलेल्या हरितगृहातील भाजी जवळची असली, तरी दूरच्या उघड्या शेतातून जहाजाने आलेल्या भाजीपेक्षा तिचा भार जास्त असू शकतो. विमानाने येणारा नाशवंत माल हा अपवाद आहे. तिथे अंतर खरोखरच महाग पडते.

याचा अर्थ स्थानिक शेतीची बाजू लंगडी आहे, असा मुळीच नाही. तिची खरी बलस्थाने वेगळी आहेत आणि ती ठामपणे सांगता येतात. गोड मक्यातील आणि हिरव्या वाटाण्यातील साखर तोडणीनंतर, विशेषतः उष्ण हवेत, झपाट्याने कमी होते. पालेभाज्यांतील क जीवनसत्त्वाचेही तसेच. तेव्हा अशा पिकांच्या बाबतीत जवळीक म्हणजे निश्चितपणे चव आणि पोषण. दुसरे असे की, लांबच्या प्रवासाला टिकणार नाहीत असे पातळ सालीचे, लवकर पिकणारे वाण जवळच्या गिऱ्हाइकाशिवाय जिवंत राहू शकत नाहीत. आणि तिसरे, जे मला व्यक्तिशः सर्वांत मोलाचे वाटते: पिकवणारा ओळखीचा असला, की पाणी किती उपसले, काय फवारले, मजुरी किती दिली हे प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरे देणारा माणूस समोर असतो.

पाटीपेन्सिल यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. फ्रान्सने २०१८ च्या कायद्याने सार्वजनिक भोजनगृहांतील ५० टक्के खरेदी दर्जेदार व शाश्वत उत्पादनांची आणि त्यात किमान २० टक्के सेंद्रिय असावी, असे बंधन १ जानेवारी २०२२ पासून घातले. त्या यादीत ‘स्थानिक’ हा स्वतंत्र निकष नाही, कारण युरोपीय संघाच्या सार्वजनिक खरेदीच्या नियमांत मालाच्या उगमस्थानावरून पसंती देता येत नाही. तेव्हा संस्थांकडे मागणी घेऊन जाण्यापूर्वी आपापल्या ठिकाणचे खरेदीचे नियम वाचून घेणे आवश्यक आहे. ताजेपणा, तोडणीपासून पुरवठ्यापर्यंतचे तास किंवा हंगामीपणा अशा अटींतून बरेच साधता येते.

बांधावरून

मृदगंधताई, मी शेती करतो आणि माझ्या शेतावर अशा फेऱ्या आलेल्या आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

लोक येतात याचा आनंद होतो, हे आधी सांगतो. वर्षानुवर्षे जे काम आपण एकट्याने करतो, त्यात कोणी रस घेतला की मनाला उभारी येते. परंतु फेरीच्या दिवशी माझी अर्धी तोडणी राहते, घरातली माणसे चहापाण्यात अडकतात, आणि ओल्या रानात माणसे फिरली की सऱ्या तुडवल्या जाऊन माती दबते. एका शेतातून दुसऱ्या शेतात चिखलाच्या पायांनी गेले तर जमिनीतून पसरणारे रोगही सोबत जातात. म्हणून फेरी काढताना शेतकऱ्याच्या त्या दिवसाच्या खाड्याचा मोबदला आधी ठरवावा, पायवाट आखून घ्यावी आणि रानात शिरण्यापूर्वी पादत्राणे धुण्याची सोय करावी. इंग्लंडमध्ये २००६ पासून दरवर्षी एका ठरलेल्या रविवारी शेते लोकांसाठी खुली ठेवली जातात. असा दिवस आधीपासून ठाऊक असला, की शेतकरी कामाची आखणी त्याप्रमाणे करू शकतो.

दुसरे म्हणजे, आमचा गौरव कमी करा आणि मागणी पक्की करा. ‘जगाचा पोशिंदा’ म्हणून शाल घातली जाते, पण पुढच्या हंगामात किती वाफे लावावेत, याचे उत्तर त्या शालीतून मिळत नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात शेतकरी आणि ग्राहक गटांनी मिळून ‘तेइकेई’ नावाची व्यवस्था उभी केली. त्यात पिकाचा आराखडा दोघे बसून ठरवतात आणि आलेला सगळा माल घेण्याची जबाबदारी ग्राहक स्वीकारतात. अमेरिकेत १९८६ मध्ये सुरू झालेल्या समुदायाधारित शेतीत ग्राहक हंगामाच्या आधीच आपल्या वाट्याचे पैसे भरतात. बियाणे, खत आणि मजुरी यांसाठी जेव्हा हाताशी पैसा लागतो, नेमका तेव्हाच तो येतो. अशा व्यवस्थेत आलेला ग्राहक पाऊस लांबला की आपणहून फोन करून पिकाची चौकशी करतो, कारण त्या पावसात त्याचेही काही अडकलेले असते. तुम्ही ज्या आस्थेविषयी विचारता, ती मला तिथेच दिसली.

मृदगंध

सर्वांचे मनापासून आभार. वाफसा यांची हंगामभराची फेरी आणि बांधावरून दादांची आगाऊ वाट्याची पद्धत एकत्र जोडता येईल, असे दिसते: जे वाटा घेतील, त्यांनाच तीन भेटींचे निमंत्रण द्यावे. माहितीपत्रकातील वाहतुकीविषयीचा मजकूर ताळेबंद यांच्या मांडणीप्रमाणे नव्याने लिहीन. एकच विचारायचे राहिले. दादा, पीक बुडाले तर भरलेल्या पैशांचे काय? हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल.

बांधावरून

ताई, तो प्रश्न कोणी विचारण्याआधी तुम्हीच मांडा आणि उत्तर लेखी ठेवा. माझ्या मते नैसर्गिक कारणाने झालेले नुकसान दोघांनी सोसावे. निष्काळजीपणामुळे झाले असेल, तर पैसे परत द्यावेत. मात्र एकाच पिकाचा वाटा कधीही विकू नका. पालेभाजी, वेलवर्गीय भाजी आणि एखादे कंदपीक असे मिळून वाटा ठेवला, तर एकावर करपा आला तरी टोपली रिकामी जात नाही. पहिल्या हंगामात घरे मोजकीच घ्या. ठरावाची बैठक लावणीच्या किमान दोन महिने आधी ठेवा, कारण रोपवाटिकेला मागणी तेव्हाच द्यावी लागते आणि त्यानंतर वाफ्यांची संख्या बदलता येत नाही.