जुन्या इंग्रजीत मिठाला आणि मेणबत्तीला 'हिज' का लावायचे?

कोरीपाटी:
1611 चं किंग जेम्स बायबल वाचतोय. मत्तय 5:13 मध्ये मिठाची चव गेली तर, असं वाक्य आहे, तिथे चवीच्या आधी 'इट्स' नाही, 'हिज' आहे. शेक्सपिअरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसमध्ये पण मेणबत्ती 'हिज' किरण टाकते. एका गाईडात याला चेतनगुणोक्ती म्हटलंय, पण मिठाला कसलं आलंय माणूसपण? मला काही पटत नाहीये.

शब्दवेल्हाळ:
बरोबर शंका आहे तुमची. तेव्हा 'इट्स' रुळलाच नव्हता हो. जुन्या इंग्रजीत 'ही' आणि 'इट' दोघांची षष्ठी 'हिज'च, आपल्याकडे 'तो' आणि 'ते' दोघांचं 'त्याचा' होतं ना, अगदी तसंच. पुढे इंग्रजीतून नामांचं व्याकरणातलं लिंग गेलं, 'हिज' म्हणजे फक्त पुरुषाचं असं वाटायला लागलं, मग वस्तूंसाठी ते खटकू लागलं आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी 'इट्स' छापलेला दिसतो, 1598 च्या फ्लोरिओच्या डिक्शनरीत आहे. 1611 च्या बायबलात मात्र एकदाही नाही! लेवीय 25:5 मध्ये आता जिथे 'इट्स' आहे तिथे मुळात नुसतं 'इट' होतं.

रात्रपाळी:
नुसतं 'इट' शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्येही आहे, कोकिळेच्या पिल्लाने पोसणाऱ्या चिमणीचं डोकं खाल्लं असं विदूषक म्हणतो तिथे 'इट हेड', 'इट यंग'. आणि यावरून चोरी पकडली गेली ते माहितीये का? अठराव्या शतकात चॅटर्टन नावाच्या पोराने स्वतःच्या कविता पंधराव्या शतकातल्या राउली नावाच्या धर्मगुरूच्या म्हणून खपवल्या, भाषा मुद्दाम जुनाट केली, पण त्यात 'इट्स' राहून गेला, जो राउलीच्या काळी कोणी लिहिलाच नसता. चॅटर्टन गेला तेव्हा सतराच वर्षांचा होता, फार वाईट वाटतं वाचून.

कोरीपाटी:
बापरे! मग जुन्या पुस्तकात चेतनगुणोक्ती कधीच धरायची नाही का?

शब्दवेल्हाळ:
असं नाही, सूर्य, मृत्यू, काळ यांना कवी खरंच पुरुष मानतात. पण नुसत्या 'हिज'वरून ठरवू नका, आधी साल बघा आणि ती वस्तू आजूबाजूला माणसासारखी बोलते-वागते का ते बघा. 1672 मध्ये कवी ड्रायडननेच आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सन या नाटककाराची चूक काढली होती, स्वर्गाला 'हिज' कसं लावलं म्हणून! जॉन्सनच्या काळी ते शुद्धच होतं, तुमच्या गाईडवाल्यांचंही तेच झालंय.